नल म्हणजे नक्की कशाचा अभाव?

मंडळी, मला आज बोलायचंय ते डेटाबेसमधल्या एका रिकाम्या रकान्याबद्दल, ज्याला आम्ही नल म्हणतो.

काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलच्या सिस्टिमवर काम करत होतो. स्क्रीनवर वॉर्ड फुल्ल, आणि सिस्टर फोनवर सांगतायत, अहो इथे सहा बेड रिकामे आहेत, खाली पेशंट स्ट्रेचरवर थांबलाय. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, साधी होती, डिस्चार्ज डेट नल म्हणजे पेशंट अजून आत. शोधत गेलो तर नल तीन तऱ्हेचे निघाले. काहींचा डिस्चार्ज खरंच व्हायचा होता, काहींची तारीख भरली होती पण नंतरच्या एका अपडेटमध्ये पुसली गेली, आणि ओपीडीतून ड्रेसिंगपुरता तासभर बेड घेतलेले, त्यांना डिस्चार्ज हा प्रकारच लागू नव्हता.

तेव्हा मला कॉलेजात शिकलेला अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह, न्यायशास्त्राचं सुरुवातीचं पुस्तक, आठवला. द्रव्य, गुण, कर्म यांच्या रांगेत तिथे अभाव हा चक्क सातवा पदार्थ, म्हणजे जगातल्या गोष्टींचा सातवा मूळ प्रकार आहे. मडकं घडण्याआधी त्याचा प्रागभाव, म्हणजे सुरुवात नाही पण शेवट आहे. फुटल्यावर प्रध्वंसाभाव, त्याला सुरुवात आहे आणि शेवट नाही. वाऱ्याला रंग नाही हा अत्यंताभाव, तिन्ही काळी नाहीच. चौथा अन्योन्याभाव, मडकं म्हणजे कापड नव्हे. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की नैयायिक, म्हणजे हे न्यायशास्त्रवाले, नुसतं 'नाही' ऐकून घेतच नाहीत, कशाचा अभाव ते सांगा, त्याला ते प्रतियोगी म्हणतात, आणि कुठे ते पण सांगा.

आता आमचे पुसलेले नल बघा. तिथे डिस्चार्ज झाला होता, नष्ट झाली ती नोंद. प्रतियोगीच वेगळा! आणि आम्ही तिघांना एकाच खुणेत कोंबलं.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू या प्रोग्रामिंगच्या भाषेत नल रेफरन्स, म्हणजे कशाकडेच न नेणारा पत्ता, आणला, करायला अगदी सोपा होता म्हणून, आणि 2009 मध्ये स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं. डेटा तक्त्यांत ठेवायचं रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या कॉड यांनी तर पुढे दोन वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या, एक 'लागू आहे पण माहीत नाही' आणि दुसरी 'लागूच नाही'. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, मात्र नल एकच राहिला. नल बरोबर नल का असं विचारलं तर ते हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही, अननोन म्हणतं. मला हे प्रामाणिक उत्तर वाटतं, कशाचा अभाव ते सांगितलंच नाही तर तुलना कशी करणार.

आम्ही मग तारीख का नाही या कारणाचा वेगळा रकाना केला, बेडचा हिशोब जुळला. मृत्यूच्या तारखेचा रकाना मात्र अजून तसाच आहे. जिवंत माणसाच्या बाबतीत तिथला नल प्रागभाव, आणि घरी जाऊन वारलेल्याच्या बाबतीत नुसतं आपल्याला माहीत नसणं, आणि फॉलोअपचा फोन लावणाऱ्या मुलीला स्क्रीनवर दोघं सारखेच दिसतात. सध्या त्याच्यावर काम चालू आहे.