डेंकालीचा नकाशा

श्रोतेहो, नमस्कार.

पांढरा घोडा, सोबत लांडगा, अंगाला घट्ट बसलेले जांभळे कपडे, डोळ्यांवर मुखवटा आणि कमरेच्या पट्ट्यावर कवटी. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीनं अडकवलेली इंद्रजाल कॉमिक्स ज्यांनी गाडी लागेपर्यंत उभ्याउभ्या वाचून काढली, त्यांना हा गडी कोण ते सांगायला नको. वेताळ. अमेरिकेतल्या ली फॉक नावाच्या लेखकानं 17 फेब्रुवारी 1936 रोजी वर्तमानपत्रात त्याची रोजची चित्रपट्टी सुरू केली. मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाची इंद्रजाल माला निघाली आणि तिच्या पहिल्याच अंकात तो आपल्याकडे आला. 1990 मध्ये माला बंद पडली. आता स्टँडवरच्या त्याच दोरीला भरतीच्या परीक्षांची गाइडं लोंबतात. चालायचंच.

आज वेताळाच्या मारामाऱ्यांबद्दल बोलायचं नाही. त्याच्या देशाबद्दल बोलायचंय. देशाचं नाव डेंकाली.

आधी नावाचाच घोळ निस्तरू. मूळ इंग्रजीत हा देश बेंगाली, पुढे त्याचं बंगाला झालं. ते तसंच आपल्याकडे छापलं असतं, तर वाचणाऱ्याला वाटलं असतं, हे सगळं कलकत्त्याच्या आसपास चाललंय. म्हणून इंद्रजालवाल्यांनी डेंकाली केलं. मूळ कथेतले समुद्री चाचे ‘सिंग’ टोळीचे. आपल्याकडे ते ‘सिंगा’ झाले. पहिल्या वेताळाच्या बापाचा खून करणारा चाचा मुळात ‘रामा’, त्याचा ‘रामालू’ झाला, का ते तुम्हीच ओळखा. आणि फँटमचा झाला वेताळ. इंग्रजीत त्याला ‘चालतं भूत’ म्हणतात. आपल्याकडे वेशीबाहेर शेंदूर फासलेला वेताळाचा दगड असतो, आणि अमावस्येच्या रात्री तो फेरीला निघतो, असं जुनी माणसं सांगत. एका शब्दात भूत आलं, फेरी आली, गावाची राखण आली. भाषांतर असं असतं. हल्ली इंग्रजी नाव जसंच्या तसं देवनागरीत उतरवतात आणि वर मानधन घेतात.

तर डेंकाली आहे कुठं? नकाशा मिळत नाही, तेव्हा खुणांवरून काढू. पहिली खूण वाघ. वेताळाच्या रानात वाघ आहेत, आणि वाघ रानात फक्त आशियातच राहतो. दुसरी खूण सिंह. सिंह आफ्रिकेत, आणि आफ्रिकेबाहेर फक्त आपल्या गीरमध्ये. तिसरी खूण बुटके लोक, बांदार जमातीचे. अशा बुटक्या जमाती मध्य आफ्रिकेतल्या. वाघ आशियाचा, सिंह दोन्हीकडचा, बुटके आफ्रिकेचे. रानात वाघही आहेत आणि सिंहही आहेत असा जगात एकच देश, तो म्हणजे भारत. म्हणजे डेंकाली आपल्याच आसपास असणार असं समजणारी पोरं अगदीच चुकत नव्हती. बांदार हे नाव मात्र आपल्या कानाला लगेच टोचतं. सरळ ‘बंदर’च आहे ते. परदेशी वाचकाला गोड वाटलं असेल, पण ज्याला हिंदी कळतं त्याला ते माणसांच्या जमातीचं नाव म्हणून गिळवत नाही.

ह्या गोंधळाचं कारण साधं आहे. सुरुवातीच्या कथांत हा देश आशियाच्या बाजूला, ईस्ट इंडीजकडे असल्यासारखा होता. साठच्या दशकात आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र व्हायला लागले, आणि लेखकानं आपला देश उचलून आफ्रिकेत नेऊन ठेवला. तिथं डॉक्टर लामांडा लुआगा नावाचा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष बसवला. राजधानी पूर्वी मॉरिसटाऊन होती, तिचं मावितान झालं. शहरांची नावं बदलणं मराठवाड्याला नवं नाही, तेव्हा त्यात अडखळू नका. अडखळायचं असेल तर वाघापाशी अडखळा. देश आफ्रिकेत गेला, पण त्याच्या रानातले वाघ तसेच राहिले.

आता समुद्राकडून आत चला. किनाऱ्याकडे मोरी, हे मासेमारी करणारे. आत वांबेसी आणि ल्लोंगो, शेतीवाडी आणि शिकारीवर जगणारे, आणि एकमेकांशी कायमची कुरबुर. राजधानीत जंगल गस्तीदलाची कचेरी. सहाव्या वेताळानं हे दल उभं केलं, तेही सुधारलेल्या चाच्यांना हाताशी धरून. दलाचा सेनापती कोण, हे दलाच्या कर्नललाही माहीत नाही. आवाराजवळ जुनी विहीर. विहिरीतून भुयार. भुयार संपतं कर्नलच्या खोलीतल्या तिजोरीच्या बुडाशी. वेताळ खालून चिठ्ठी ठेवतो, कर्नल वरून दार उघडून घेतो. आपल्याकडच्या बारवेत हा उद्योग केला, तर पहिल्या मोठ्या पावसाला चिठ्ठीही गेली आणि कर्नलच्या खोलीत पाणीही आलं. पण डेंकालीत पाऊस कधी पडतो, हे लेखकानं सांगितलेलंच नाही.

त्याच्याही आत घनदाट रान. त्याची वेस म्हणजे बांदारांचे विषारी बाण. मग एक धबधबा, आणि धबधब्याच्या पडद्यातून आत गेलं की कवटीच्या आकाराची गुहा. पाण्यामागच्या गुहेचं आपल्याला काय कौतुक? वेरूळच्या 29 क्रमांकाच्या लेण्यापाशी सीता की नहाणी आहे, पावसाळ्यात जाऊन बघा, घोडा तेवढा नेऊ नका. गुहेत कवटीचं सिंहासन, खजिन्याच्या खोल्या, बिनतारी यंत्राची खोली, पूर्वजांच्या समाध्या. आणि वह्यांची खोली, जिथं प्रत्येक वेताळानं आपली हकिगत स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेली.

ह्या वह्यांचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. पहिला वेताळ 1536 चा. चाच्यांनी जहाज बुडवलं, बापाला मारलं, पोरगा किनाऱ्याला लागला, बांदारांनी जगवला. पुढं त्यानं बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली: चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय मोडून काढीन, आणि माझी मुलंही तेच करतील. 1936 सालचा वेताळ एकविसावा. म्हणजे मधल्या 400 वर्षांत वीस वेताळ होऊन गेले. 400 भागिले 20, प्रत्येकाच्या वाट्याला 20 वर्षं. लवकर लग्न, लवकर मूल, आणि चाळिशी-पन्नाशीत समाधी. रानातल्या लोकांना मात्र तोंड दिसत नाही, कपडे तेच, अंगठ्या त्याच, म्हणून त्यांच्या लेखी माणूस एकच, न मरणारा. एक अंगठी कवटीची, ठोसा बसला की गुंडाच्या गालावर तिचा छाप कायमचा. दुसरी हृदयाकडच्या हातात, तिचा छाप ज्याच्यापाशी तो वेताळाच्या पंखाखाली. ज्याला नकाशा काढता येत नाही, त्यानं निदान रीत तरी पक्की ठेवावी, आणि ती ह्या लेखकानं ठेवली. वाघाचा पत्ता चुकला, पण अंगठीचा हात कधी चुकला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं काढलं, ती सांगतो.

पापुआ न्यू गिनी. ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरचा देश. आठशेच्या वर भाषा, एका डोंगरावर एक तर पलीकडं दुसरी. ह्या देशाच्या डोंगराळ भागात वागी नदीचं खोरं आहे. 1933 मध्ये बाहेरचे गोरे लोक पहिल्यांदा त्या खोऱ्यात पोचले, तोवर बाहेरच्या जगाला तिथं इतकी वस्ती आहे ह्याचा पत्ता नव्हता. तिथल्या जमातींची आपसांत युद्धं चालत, आणि युद्धाची मोठी वस्तू म्हणजे ढाल. हातभर वाटोळी नव्हे, उभी, जवळपास माणूस लपेल एवढी. लाकडाची फळी, तिच्यावर रंगवलेली नक्षी. ऑस्ट्रेलियन राजवट आली, तिनं लढाया बंद पाडल्या, आणि ढाली मागं पडल्या.

1975 मध्ये देश स्वतंत्र झाला. पुढं ऐंशीच्या दशकात जमिनीवरून, जुन्या वैरावरून त्या खोऱ्यात लढाया पुन्हा पेटल्या, आणि ढाली पुन्हा तयार व्हायला लागल्या. गावठी बंदुका आल्यावर लाकूड पुरेना, तेव्हा पत्रा आला. रंगही दुकानातले. आता ढालीवर काढायचं काय? जुनी नक्षी काहींनी काढली. काहींनी बिअरच्या बाटलीवरचं चित्र काढलं. आणि काहींनी काढला वेताळ.

वेताळ. अख्खा. मुखवट्यासकट, पट्ट्यावरच्या कवटीसकट, ढालीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत उभा.

तो तिथं पोचला कसा? सिडनीची एक प्रकाशन संस्था 1948 पासून वेताळाची कॉमिक्स काढत आलीय. ती समुद्र ओलांडून पलीकडं गेली. शिवाय ‘वांटोक’ नावाचं तिथलं वर्तमानपत्र 1970 मध्ये निघालं, टोक पिसिन ह्या तिथल्या सगळ्यांना समजणाऱ्या बोलीत. वांटोक म्हणजे ‘वन टॉक’, ज्याची बोली एक तो आपला माणूस. आपण परमुलखात ‘गाववाला’ म्हणतो ना, तसा. त्या पेपरात वेताळ टोक पिसिन बोलायला लागला. ज्याला वाचता येत होतं त्यानं वाचलं, ज्याला येत नव्हतं त्याला चित्र पुरलं.

पण हाच का? कॉमिक्समध्ये उडणारे वीर होते, भिंत फोडणारे होते. वेताळाला उडता येत नाही. त्याच्यापाशी आहे ती पिढी. बापामागून मुलगा, मुलामागून नातू, चेहरा तोच, वचन तेच. त्या डोंगरातल्या लोकांची धारणा अशी, की गेलेले पूर्वज लढणाऱ्याच्या पाठीशी उभे असतात. वीस मेलेल्या बापांचं बळ घेऊन उभा राहिलेला एकविसावा माणूस त्यांना समजावून सांगावा लागला नाही. समोरच्यालाही तो कळत होता, हे महत्त्वाचं. ढालीवरचं चित्र शत्रूसाठी असतं, धरणाऱ्याला तर मागची बाजूच दिसते.

दुसरं कारण पेंटरला विचारा. आपल्याकडे दुकानाची पाटी किंवा ट्रकचा मागचा फळका रंगवणारा कुणीही सांगेल, की काही चित्रं मोठी करायला सोपी आणि काही अवघड. छोटं चित्र मोठं करायचं तर त्यावर चौकटी पाडतात. कॉमिक्समधला वेताळ 6 सेंटिमीटरचा धरा आणि फळका दीड मीटरचा. पंचवीस पट. चित्रावर 1 सेंटिमीटरच्या चौकटी, फळक्यावर 25 सेंटिमीटरच्या, आणि एकेक चौकट उतरवत जायचं. गडबड होते ती चेहऱ्यात आणि कपड्यांच्या चुण्यांत. डोळा सूतभर सरकला की देवाचा राक्षस होतो. वेताळाला चुण्या नाहीत, केस नाहीत, अर्धा चेहरा मुखवट्याखाली. सगळं अंग एका रंगाचं, भोवती काळी रेघ. चार डबे असले की काम होतं.

रंग कुठला, ह्यालाही फार महत्त्व नाही. फॉकच्या मनात वेताळ करडा होता. रोजची पट्टी काळी-पांढरी, त्यामुळं कुणाचं बिघडलं नाही. 1939 मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि तो जांभळा होऊन बाहेर आला. स्वीडन-नॉर्वेकडे निळा छापला, इटलीत लाल. हिरव्या रानात लपायचं आणि अंगात जांभळं, ह्यावर आपल्याकडची पोरं हसत. हसण्यासारखंच आहे ते.

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. कॉमिक्समध्ये रानातले लोक ढोल वाजवतात, निरोप पोचवतात, आणि अडचण आली की गोऱ्या माणसाच्या सिंहासनापाशी येऊन उभे राहतात. तीच तीच मांडणी, दशकानुदशकं. वागी खोऱ्यातल्या माणसांनी ती कॉमिक्स बघितली आणि त्यातलं ढोल वाजवणं घेतलं नाही. त्यांनी सरळ मुखवटा घेतला आणि तो पुढं धरून त्याच्यामागं स्वतः उभे राहिले. आज ह्या ढाली संग्रहालयांत आणि संग्राहकांकडं आहेत.

त्या ढालींवर वेताळाचे डोळे बघा. मुखवट्याच्या भोकांत नुसतं पांढरं, बुबुळं नाहीत. कॉमिक्समध्येही तसंच. फॉक सांगायचा की ही युक्ती त्याला जुन्या ग्रीक पुतळ्यांवरून सुचली, कारण संगमरवरी डोळ्यांत बुबुळं नसली की चेहऱ्याचा दरारा वाढतो. आता गंमत अशी, की ते पुतळे घडवले तेव्हा रंगवलेले होते, बुबुळांसकट. दोन हजार वर्षांत रंग उडून गेला. ग्रीसमध्ये पुसलेला डोळा अमेरिकेत कागदावर आला, तिथून सिडनीला, आणि तिथून एका डोंगरातल्या पत्र्यावर. आपल्या वेशीवरच्या वेताळाचं बरोबर उलट आहे. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, कपडे नाहीत. शेंदराच्या गोळ्यावर चांदीचे दोन डोळे तेवढे बसवलेले असतात.

नमस्कार.