पिकअपचा रेडिओ बोलता करताना

संत्र्याचा हंगाम आला की काटोल-नरखेडकडून नागपूरच्या कळमना मार्केटकडे पिकअप गाड्यांची रांग लागते. त्यातल्या जुन्या गाड्यांत अजूनही काट्याचा, दोन गोल बटनांचा रेडिओ दिसतो. बहुतेक वेळा बंदच. मालक म्हणतात, जुना झाला, काढून टाका. आमचं म्हणणं एवढंच, की काढण्याआधी एकदा तपासून पाहा.

मार्केटजवळच्या काकाजी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये उभ्या अशाच एका गाडीच्या रेडिओच्या तक्रारी तीन. खड्ड्यात आदळली की आवाज जातो. इंजिन सुरू असताना शिट्टी वाजते. आणि मीडियम वेव्हवर नुसती खरखर.

"काकाजी, नवाच बसवून द्या ना," ड्रायव्हर म्हणतो.

"थांब ना भाऊ. आधी पाहू तर दे, काहून बोलत नाही थो."

डायलचा दिवा लागतोय, म्हणजे फ्यूज शाबूत आहे आणि बारा व्होल्ट सेटपर्यंत पोचतात. आता शिट्टी. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे ठिणगीची टकटक इथे येण्याचा प्रश्नच नाही. रेस वाढवली की शिट्टीचा सूर चढतो, हा अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा गोंगाट. काकाजी सेटच्या पत्र्यापासून थेट बॅटरीच्या मायनसला एक तात्पुरती वायर जोडतात. शिट्टी बंद! सेट गाडीच्या पत्र्याला जोडणारा अर्थिंगचा स्क्रू गंजला होता. तो घासून, कसून काम झालं.

खड्ड्याचं दुखणं सेटच्या आत असतं. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. बंद केबिनमध्ये त्याहून जास्त तापतं. वर्षानुवर्षं तापणं, निवणं आणि रस्त्याचे हादरे, यांत सोल्डर, म्हणजे सुटे भाग जोडणारा डाख, तडकतं. भिंगातून पाहिलं की आवाज वाढवणाऱ्या आयसीच्या (चिपच्या) एका पायाभोवती बारीक काळी गोल चीर दिसते. तिथे गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून थोडं ताजं सोल्डर दिलं, की तो पाय पुन्हा धरतो. व्हॉल्यूमच्या बटनात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ते चारदोनदा फिरवायचं, बस.

खरी कसोटी एरियलची. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून बोलतंय, आणि मीडियम वेव्हवर ते ५८५ किलोहर्ट्झला लागतं. एफएम शहरापासून लांब गेलं की विरतं. मीडियम वेव्ह जमिनीला धरून दूर गावांपर्यंत जाते, म्हणून रात्री माल भरायला जाणाऱ्या माणसाला हाच बँड लागतो. पण या लहरीची लांबी पाचशे मीटरहून जास्त, आणि गाडीवरची काडी जेमतेम मीटरभर. तिच्या हाती येणारा सिग्नल अगदी तोळामासा. तो वायरीतच जिरला, तर सेट करणार काय?

इथे नेमकं तेच झालंय. कुणीतरी तुटलेल्या एरियलला टीव्हीची केबल जोडली आहे. एफएम तिच्यावर छान वाजतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. गाडीच्या मूळ केबलचा तुकडा कापून पाहा: पोकळ नळी, आत केसासारखी बारीक तार सैल पडलेली, बाकी सगळी हवा. ही हवा मुद्दाम ठेवलेली असते. हवेमुळे केबलची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवून धरण्याची क्षमता, कमी राहते. टीव्हीच्या केबलची ती बरीच जास्त, म्हणून ती केबल मीडियम वेव्हचा सिग्नल गिळते.

गाडीची केबल बसते. मल्टिमीटरवर काडीपासून प्लगच्या मधल्या पिनपर्यंत सरळ जोड दिसतो, पिन आणि बाहेरची जाळी यांत मात्र जोड नाही. हवं तसंच. मग १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं क्षीण स्टेशन लावून, सेटवरचा छोटा ट्रिमर स्क्रू, जो एरियल आणि सेटचा मेळ बसवतो, आवाज सर्वांत मोठा येईपर्यंत हळूहळू फिरवायचा. केबल बदलली की हे करावंच लागतं, आणि हेच बहुतेक जण सोडून देतात.

सेट परत बसवताना काकाजी मागची लोखंडी पट्टीही कसतात. "हे सोडू नको भाऊ. नाहीतर सगळं वजन समोरच्या दोन नटांवर येते, अन् सोल्डर पुन्हा तडकते."