संस्थेला वस्तू देता, पण माणसाचं काय?

नमस्कार मंडळी. आज आपण बोलणारोत स्वयंसेवी संस्थांबद्दल, म्हणजे ज्यांना आपण सगळे एनजीओ म्हणतो. आपल्या देशात सरकार सगळीकडे पुरं पडत नाही, तिथे या संस्था उभ्या राहतात वगैरे आपण ऐकत आलोय आणि ते खरंच आहे, पण मी आपल्या कोकणापुरतंच बोलणार आहे. इतकी वर्षं हे काम जवळून बघतोय, त्यावरून एक गोष्ट मला मनापासून सांगायचीये. आपल्याकडची चांगली चांगली कामं थांबतात ती काम करणारं माणूस टिकत नाही म्हणून, आणि ते टिकत नाही कारण त्याच्या पगाराला पैसे द्यायला कोणी तयार नसतं.

वेळासचंच बघा. मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणवीसांचं. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी लोक खायचे, विकायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावातल्या लोकांना सोबत घेऊन ती जपायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला मुंबई-पुण्याची माणसं येतात, गावातल्या घरात उतरतात, जेवतात, आणि ते पैसे थेट त्या घरातल्या बाईच्या हातात येतात. महोत्सवाचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. पण त्यासाठी हंगामभर रोज पहाटे कोणीतरी वाळूवर चालावं लागतं, कासवाच्या पावलांचा माग काढावा लागतो, शंभर-सव्वाशे अंडी अलगद काढून हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या जागेत, परत पुरावी लागतात आणि मग साधारण दीड-पावणेदोन महिने राखण करावी लागते, कुत्र्या-कोल्ह्यांपासून, उधाणापासून. एक दिवस चुकला की घरटं गेलंच. हे काम कुठल्या मशीनने होत नाही ओ, त्याला गावातलाच पोरगा लागतो आणि त्या पोराचंही घर चालायला हवं.

आता कातकरी आदिवासींच्या वाड्यांकडे बघूया. रायगडात दिवाळी झाली की वाडीच्या वाडी वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या कामाला निघून जाते, पोरं बरोबर, शाळा सुटली ती सुटलीच. सरकारच्या योजना आहेत, आश्रमशाळा आहेत, वनहक्काचा २००६ चा कायदा आहे, सगळं आहे. पण जातीचा दाखला नाही, रेशनकार्डावर नाव नाही, तलाठ्याकडे गेलं तर उद्या या. अशा वेळी संस्थेची कार्यकर्ती त्या बाईबरोबर तीन-चार वेळा तहसीलला जाते, कागद जमवते, फॉर्म भरते, परत जाते. योजना वाडीपर्यंत पोचली असं आपण म्हणतो ना, ती पोचते अशी. संस्थांची आपल्यासारख्या देशातली भूमिका काय असं कोणी विचारलं तर मी हेच दाखवीन.

पण याचा फोटो निघत नाही. देणगीदाराला फोटो लागतो, बोर्ड लागतो. दप्तरं द्या, सायकली द्या, टाकी बांधा, तिथे पैसे मिळतात. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सीएसआरला, म्हणजे समाजाच्या कामाला, खर्च करावी लागते, चांगलंच आहे, पण कायदाच सांगतो की कंपनीच्या आसपासच्या भागाला आधी प्राधान्य द्या, म्हणजे लोटे, महाड, रोहा या एमआयडीसीच्या पट्ट्यात थोडंफार येतं आणि जिथे कारखानाच नाही अशा मंडणगडच्या नाहीतर राजापुरातल्या आतल्या गावाकडे कोण बघणार. परदेशी मदतीचं म्हणाल तर २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि मोठ्या संस्थेने आपल्याला आलेले पैसे छोट्या संस्थेला पुढे द्यायचे नाहीत असंही ठरलं. तालुक्यातल्या छोट्या संस्था बऱ्याचदा अशाच मार्गाने चालायच्या. त्यात धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट, आयकराची नोंदणी ठरावीक वर्षांनी पुन्हा. हिशोब मागणं बरोबरच आहे, मागायलाच हवा, संस्थेच्या नावावर पैसे खाणारे लोकही आहेत आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांवरचा विश्वास उडतो. पण हे सगळं करायला अकाउंटंट लागतो, आणि त्याचाही पगार कोणी देत नाही.

जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, लोकांची दुकानं गेली, घरं गेली. मदत इतकी आली की मन भरून आलं, कुठून कुठून टेम्पो आले. पण अशा प्रत्येक आपत्तीत पहिल्या आठवड्यात सगळे असतात, आणि तीन महिन्यांनी पंचनाम्यात नाव राहिलेल्या म्हाताऱ्या बाईबरोबर ऑफिसात जायला कोणी नसतं. त्या तिसऱ्या महिन्यासाठी संस्था लागते.

ही अडचण नवी आहे असंही नाही. आपल्या दापोलीतल्या मुरूडचे महर्षी कर्वे, त्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ काढला हे कमी जणांना माहीत असतं. संस्थांना आयुष्य वाहून काम करणारी माणसं मिळावीत यासाठीच तो होता. आश्रम उभा राहिला तरी तो चालवायला माणसं लागतात हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. फक्त त्या काळातला त्याग आज पंचवीस वर्षांच्या पोराकडून मागणं मला पटत नाही. त्याला घरभाडं आहे, आईचं औषध आहे, आणि मुंबईत त्याला दुप्पट मिळतात. तो गेला तर त्याला दोष देऊ नका.

आता जरा मुंबईकर मंडळींशी बोलतो. कोकणातल्या बहुतेक गावांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे, वाडीचं वेगळं, गावाचं वेगळं. खरं तर आपली सगळ्यात जुनी आणि पक्की एनजीओ हीच आहे, गिरणीत कामाला असलेल्या माणसांनी पगारातून वर्गणी काढून गावच्या शाळा आणि देवळं बांधली. ती ताकद अजून आहे. तुम्ही सभामंडप बांधता, कमान बांधता, आनंदच आहे. पण गावात मार्च संपला की विहिरी तळाला जातात, एवढा तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून जातो आणि जांभ्या दगडातनं, उतारावरनं सगळा वाहून समुद्राला मिळतो, एप्रिलमध्ये टँकर. पावसाळा संपता संपता वहाळाला पोत्यांचे वनराई बंधारे घालायचे, झरे साफ करायचे, ग्रामपंचायतीच्या मागे लागायचं, याला गावात राहणारं एक माणूस हवं.

मे महिन्यात तुमच्या मंडळाची सभा होईल, तेव्हा खर्चाच्या यादीत एक ओळ घाला, कार्यकर्त्याचं मानधन. गावातलीच एखादी शिकलेली मुलगी किंवा मुलगा निवडा, बाराही महिने वेळेवर पैसे द्या, निदान तीन वर्षं द्या, आणि दर गणपतीला गावी याल तेव्हा सगळ्यांसमोर कामाचा आणि पैशांचा हिशोब घ्या. आणि गावात आधीच एखादी संस्था काम करत असेल तर नवीन काढू नका, त्यांच्याकडे जा आणि विचारा, तुमच्या कोणाचा पगार थकलाय का?