पाचवी ते बारसं

[दृश्य: माहेरच्या घरातली बाळंतिणीची खोली. दुपार. पाळणा हलतो आहे.]

पाचवीची पूजा झाली. सटवाई बाळाचं नशीब लिहून गेली, असं आजी म्हणते. घरात डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बघायला येणाऱ्यांची रीघ. दूध पुरतंय का, शी झाली का, वजन किती भरलं, सगळी चौकशी बाळाची.

आई दोन रात्री झोपलेली नाही.

‘बाळंतिणीला कसली आलीय झोप!’ हे आपलं ठरलेलं उत्तर. ते खोटंही नाही, बाळ रात्रभर उठवतंच. पण बाळ झोपलंय, आजीने सांभाळायला घेतलंय, दार लोटलंय, तरीही ही टक्क जागी आहे का? दमलेली दिसण्याऐवजी उलट तरतरीत आहे, भरभर बोलते आहे, रात्री दीड वाजता कपाट आवरायला काढते आहे? मग हे जागरण बाळामुळे नाही.

प्रसूतीनंतरच्या सायकोसिसची, म्हणजे खरं काय आणि भास काय हे कळेनासं होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराची, सुरुवात अनेकदा अशी होते. हजार बाळंतपणांमागे एक किंवा दोन बायकांना हा आजार होतो, आणि बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच. म्हणजे नेमका पाचवी ते बारसं हा काळ, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं तेव्हाचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं वेगळं. ते बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. इथे मात्र गोष्टी तासातासाने बदलतात. सकाळी ती छान बोलते, सगळ्यांना वाटतं, गेलं एकदाचं. संध्याकाळी म्हणते, “हे माझं बाळ नाही. दवाखान्यात बदललंय.” चहात काहीतरी घातलंय असा संशय येतो. कुणी नसताना आवाज ऐकू येतात.

[दृश्य: स्वयंपाकघर. बाळंतिणीची आई आणि मावशी हलक्या आवाजात बोलत आहेत.]

“अगं, नाक बघ ना, थेट जावईबापूंचं!” अशी समजूत घालून उपयोग होत नाही. तिला ते खरंच तसं वाटत असतं. वाद नको आणि होला होही नको. “तुला भीती वाटतेय ना? मी आहे इथे. आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ,” एवढं पुरतं. बाळापाशी तिला एकटीला ठेवायचं नाही, आणि हे तिच्यावर आरोप न करता करायचं.

मग घरात कुजबुज सुरू होते. वारं लागलं, बाहेरचं काहीतरी आहे, उतारा करू. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण साध्या अंगाऱ्यातही दोन दिवस जातात, आणि या आजारात दोन दिवस फार असतात.

याहून अवघड प्रश्न वेगळाच असतो: सासरी कळलं तर? बायपोलर आजार (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी) असलेल्या किंवा आधीच्या बाळंतपणात असं झालेल्या बाईला याचा धोका सर्वांत जास्त. आणि नेमकं हेच स्थळ बघताना लपवलेलं असतं. गोळ्या लग्नाआधी गुपचूप बंद होतात, प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना पत्ताच नसतो. इथे दोष आजाराइतकाच आपल्या अब्रूच्या कल्पनांचाही आहे.

त्याच दिवशी दवाखाना गाठा. जिथे बाळंतपण झालं तिथे फोन करून सरळ सांगा: आठवा दिवस आहे, दोन रात्री झोप नाही, असंबद्ध बोलते आहे. ताप, रक्तदाब, थायरॉईड हेही तपासावं लागतं, कारण जंतुसंसर्गानेही माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ रात्रंदिवस सुरू असते, मराठीतही बोलता येतं. पण आईच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका वाटला, तर आधी १०८ ची रुग्णवाहिका. आशाताई घरी येतात त्या बाळाचं वजन करायला; त्यांना आईच्या झोपेबद्दलही सांगा.

[दृश्य: रुग्णालयाचा व्हरांडा. हातात फाइल घेतलेली तरुणी, सोबत नवरा.]

बहुतेकदा भरती व्हावं लागतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. इतरत्र बहुतेकदा बाळ आजीकडे राहतं. कोणत्या औषधांवर अंगावर पाजता येईल, हे डॉक्टर ठरवतात. काही आठवड्यांत, काहींना काही महिन्यांत, बहुतेक जणी पूर्ण सावरतात. पुढच्या बाळंतपणात मात्र जवळपास निम्म्या जणींना हा आजार पुन्हा होऊ शकतो. म्हणून दिवस राहण्याआधीच मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायचं, आणि फाइलच्या पहिल्याच पानावर हे लिहून घ्यायचं. सासूबाईंनी वाचलं तरी चालेल.