बाटली लगेच उघडायची नाही

(दृश्य : जुलै महिना, कोल्हापूर. खिडकीबाहेर पावसाची झड. टेबलावर काचेची छोटी बाटली.)

ही बाटली उणे २० अंशांवरून आत्ताच बाहेर काढली आहे. आत पीएलजीए नावाच्या पॉलिमरचे पांढरे दाणे. झाकण अजून तासभर तरी उघडायचं नाही. या दिवसांत इथं भिंतींनाही ओल येते. गार दाण्यांवर लगेच दव धरतं आणि ते पाणी पॉलिमरची साखळी तोडायला लागतं. पुढे या दाण्यांपासून बनवलेले औषधाचे अतिसूक्ष्म कण फार लवकर विरघळले की चूक सगळीकडे शोधली जाते, बाटली सोडून.

पाण्यानं तुटणं हा खरं तर पीएलजीएचा गुणच. शरीरात त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं, ते शरीर पचवतं. म्हणून फुप्फुसाच्या कर्करोगावरचं डोसेटॅक्सेल त्यात भरायचा खटाटोप. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. नेहमीच्या इंजेक्शनमध्ये त्याला पाण्यात मिसळवणाऱ्या पॉलिसॉर्बेट ८० ची सोबत लागते. रिॲक्शन आणि सूज टाळायला रुग्णाला आधीपासून स्टेरॉइड द्यावं लागतं. औषध कणात भरलं तर निदान पॉलिसॉर्बेट तरी टळतं.

(दृश्य : मॅग्नेटिक स्टररवर बीकर, वर सिरिंज.)

५० मिलिग्रॅम पीएलजीए आणि ५ मिलिग्रॅम डोसेटॅक्सेल, दोन्ही ३ मिलिलिटर ॲसिटोनमध्ये. बीकरमध्ये कण एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पीव्हीएचं १ टक्का द्रावण, १० मिलिलिटर. पीव्हीए गार पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. ८०-९० अंशांवर विरघळवून, निववून, गाळूनच घ्यायचं.

ॲसिटोन थेंबाथेंबानं पडतं आणि पाण्यात पसरून जातं. पॉलिमरला पाणी मानवत नाही. ते औषधासकट आक्रसून कण होतं. दुधी रंगात निळसर झाक दिसली की जमलं. फाटलेल्या दुधासारखं दिसलं तर पॉलिमर जास्त झालंय किंवा ढवळणं मंद पडलंय. मग फ्यूम हूडमध्ये बीकर उघडं ठेवून चारेक तास ढवळायचं, ॲसिटोन उडून जाईपर्यंत.

(दृश्य : झेटासायझरचा, म्हणजे कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्राचा, पडदा.)

आकार १५० नॅनोमीटर, पीडीआय (कणांच्या आकारातली तफावत) ०.२ च्या आत. इथं पुष्कळ जण पडद्याचा फोटो काढून खूश होतात. पण कणात औषध आहे का, हे हे यंत्र सांगत नाही. बाहेर राहिलेल्या डोसेटॅक्सेलचे स्फटिक होतात. सेंट्रिफ्यूजमध्ये तेही कणांबरोबर तळाला बसतात आणि एचपीएलसी या औषध मोजणाऱ्या यंत्रावर ‘कणातलं औषध’ म्हणून मोजले जातात. आकडा सुंदर येतो, पण खोटा. म्हणून आधी ०.८ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, मग ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज.

कणातून औषध किती वेगानं सुटतं हे मोजताना असाच खोटा आलेख डायलिसिसच्या पिशवीतून निघतो; तिच्यात कण आतच राहतात, सुटलेलं औषध बाहेर झिरपतं. ३७ अंश, पीएच ७.४, सगळं नियमानुसार. पण बाहेरच्या द्रावणात ०.५ टक्का ट्वीन ८० (म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०च) घालायला विसरलं, तर औषधाला तिथं विरघळायला जागाच उरत नाही. ते संथ बाहेर पडतंय असं वाटतं. ट्वीन घातलं की खरं दिसतं : पृष्ठभागाला चिकटलेलं औषध पहिल्या काही तासांतच सुटतं.

गोठवून सुकवताना ५ टक्के ट्रेहॅलोज, नाहीतर साधी सुक्रोज, म्हणजे साखरच. ती आपल्या जिल्ह्यात उदंड, मात्र इथं चालते ती औषधी दर्जाचीच. साखर नसेल तर कण एकमेकांत रुततात आणि पाणी घातल्यावर पुन्हा सुटे होत नाहीत.

(दृश्य : फळ्यावर आकडेमोड.)

आता हिशेब. ५ पैकी ३.५ मिलिग्रॅम औषध कणात गेलं असं धरू. फुप्फुसाच्या कर्करोगात डोसेटॅक्सेलचा नेहमीचा डोस दर तीन आठवड्यांनी, शरीराच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम. १.६ चौरस मीटरच्या माणसाला १२० मिलिग्रॅम. म्हणजे एका डोसासाठी असे ३४-३५ घाणे, तेही वाटेत काही सांडलं नाही तर.

आणि शिरेतून गेलेले बरेचसे कण यकृत आणि प्लीहाच पकडून ठेवतात. अशा नॅनोकणांच्या प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठीपर्यंत पोचलेल्या डोसाचा मध्यांक ०.७ टक्के होता. तरी वाट बंद नाही : पॅक्लिटॅक्सेल या त्याच कुळातल्या औषधाचे पॉलिमर मायसेल (पॉलिमरच्या रेणूंचे सूक्ष्म गोळे), जेनेक्सॉल-पीएम, दक्षिण कोरियात २००७ पासून मंजूर आहेत.

बीकर मोठं करून मात्र घाणा वाढत नाही. १० मिलिलिटरला जो थेंब क्षणात मिसळतो, तो ५ लिटरला रेंगाळतो आणि कण जाडे होतात. म्हणून हा टी आकाराचा जोड : एका नळीतून ॲसिटोन, दुसरीतून पाणी, दोन्ही पंप ठरल्या वेगानं. दोन धारा भेटतात तेवढीच जागा बीकरचं काम करते. जास्त माल हवा असेल तर पंप जास्त वेळ चालवायचा.