ओटावात बर्फ कोण बनवतं?

(ड्रोन शॉट, सकाळ)

हे पांढरं लांबच लांब दिसतंय ना, तो रस्ता नाहीये, रिडो कॅनॉल आहे, म्हणजे कालवा, कॅनडाची राजधानी ओटावा शहराच्या अगदी मधून जाणारा. उन्हाळ्यात यातून बोटी जातात, हिवाळ्यात माणसं. 7.8 किलोमीटर! पाठीला लॅपटॉपची बॅग लावून स्केटिंग करत ऑफिसला चाललेले हे लोक बघा, कॅमेऱ्यासाठी नाही हां, त्यांचं रोजचंच आहे. तिकीट वगैरे काही नाही, स्केट्स घाला आणि उतरा.

नवीन आलेल्या आपल्या लोकांना वाटतं थंडी पडली की झाला बर्फ. होतो, पण त्यावर हजारो माणसं सोडता येतील असा होत नाही, तो करावा लागतो.

(रात्र, पंप)

हे बघा. वर स्नो, म्हणजे आकाशातून पडलेला भुसभुशीत बर्फ, साचला की तो गोधडीसारखा बसतो, खालच्या बर्फाला थंडी लागतच नाही, मग तो जाड कसा होणार? म्हणून आधी स्नो हटवायचा, मग बर्फाला भोकं पाडून खालचंच पाणी पंपाने वर काढायचं आणि पसरून द्यायचं, ते गोठलं की पुन्हा तेच. असं करत करत 30 सेंटीमीटर चांगला बर्फ धरला की मगच लोकांना आत सोडतात.

(जुने फोटो)

कॅनॉल 1832 चा, लष्करासाठी बांधलेला. त्यावर हे अधिकृत स्केटिंग मात्र 1971 च्या जानेवारीत सुरू झालं. नॅशनल कॅपिटल कमिशन, म्हणजे राजधानीचा परिसर सांभाळणारी सरकारी संस्था, तिचे तेव्हाचे प्रमुख डग्लस फुलर्टन यांनी माणसं पाठवली, झाडू आणि फावडी घेऊन, नॅशनल आर्ट्स सेंटरजवळ जेमतेम 5 मीटर रुंदीचा पट्टा साफ केला. बस, एवढंच. आज मशीन आलीत, पण सुरुवात झाडूनेच झालीये.

(गल्लीतलं पार्क, रात्र)

कॅनॉल सगळे दाखवतात. आम्हाला खरं दाखवायचंय ते हे, कॉलनीतलं छोटं रिंक, म्हणजे स्केटिंगसाठी केलेलं बर्फाचं मैदान. इथे पगारी माणूस नाही, शेजारपाजारचे लोक जेवणं उरकून येतात आणि पाणी मारतात, सिटी थोडेफार पैसे देते. पाइप धरलेले हे काका जळगावचे, केळीच्या गावाकडून थेट उणे 20 मध्ये. आता त्यांचा हात बघा, एका जागी थांबतच नाही. थांबला की तिथे टेंगूळ येतं. आणि एकदम भरपूर पाणी ओतलं तर वरचा पापुद्रा आधी गोठतो, खाली पोकळ राहतं, सकाळी कुणा पोराचा स्केट त्यात गेला की संपलं. म्हणून पातळ थर, मग थांबा, मग परत पातळ थर. ग्लोव्हवर उडालेलं पाणी कसं पांढरं कडक झालंय तेही बघा. आणि शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, पाइपमधलं पाणी पूर्ण काढून टाकायचं, नाहीतर उद्या पाइपची काठी झालेली असते.

इकडे ओळखी होत नाहीत, लोक आपल्यात घेत नाहीत, ही तक्रार आम्ही पण खूप ऐकलीये. एकदा रात्री इथे पाइप धरायला या. बोलावं लागत नाही फार, थंडीत बोलवतही नाही.

(दिवस, मुलं)

आणि हे शिनी, म्हणजे आपलं गल्ली क्रिकेट समजा, फक्त बर्फावरची हॉकी. सगळ्यांच्या स्टिक्स मधे ढीग करून टाकायच्या, एकाने न बघता दोन्ही बाजूंना वाटायच्या, झाली टीम. त्या मोठ्या हेल्मेटवाल्या मुलीला नीट थांबता पण येत नाहीये, तरी घेतलीये.

2023 च्या हिवाळ्यात कॅनॉल एकदाही उघडला नाही, 1971 पासून पहिल्यांदाच, थंडी कमी पडली म्हणून, पुढच्या वर्षी पण थोडेच दिवस मिळाले.

(क्लोजअप, लेस बांधणं)

पहिल्यांदा जाणार असाल तर बोटांकडे लेस सैल आणि घोट्याला घट्ट, हेल्मेट मोठ्यांनीसुद्धा, आणि स्केट्स सेकंडहँड घेतले तरी चालतील पण धार लावून घ्या. कॅनॉलवर लाल झेंडा दिसला तर उतरायचं नाही, कडेला कितीही छान दिसत असलं तरी. रिंकवर पाणी मारायला मात्र लाल-हिरवं काही नाही, पार्कात दिवा लागलेला दिसला की जाऊन विचारा, जास्तीचे ग्लोव्ह्ज कुणाकडे ना कुणाकडे असतातच.