पत्र्याच्या डब्यातली पॉलिसी

[दृश्य : जेवणाचं टेबल. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. सुरकुतलेले हात रबरबँड काढून कागद उलगडतात.]

आईची आरोग्य विम्याची पॉलिसी या डब्यात असते. वर बॉलपेनने हप्त्याची तारीख लिहिलेली. तीन लाखांची पॉलिसी. बाबांनी ती घेतली तेव्हा तीन लाख म्हणजे खूप वाटायचे. आज आई ७२ वर्षांची आहे.

[दृश्य : रुग्णालयाचा बिलिंग काउंटर. भिंतीवर घड्याळ.]

मागच्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं. बिल झालं अडीच लाख. ते पॉलिसीतून भागलं. डिसेंबरात न्यूमोनिया झाला. पुन्हा दोन लाख. पॉलिसीत उरले होते फक्त पन्नास हजार.

पण आम्ही निर्धास्त होतो. जोडीला टॉप-अप, म्हणजे मूळ पॉलिसीवरची जादा पॉलिसी, होतं ना! तीन लाखांच्या वरचा खर्च ते देणार, असं एजंटने सांगितलं होतं. क्लेम टाकला. एक रुपयाही मिळाला नाही. दीड लाख घरातून भरले.

[दृश्य : कोऱ्या कागदावर पेन्सिलने आकडे : अडीच लाख, दोन लाख.]

हे का झालं, ते नीट समजून घ्या. टॉप-अप प्रत्येक बिलाकडे वेगळं बघतं. पॉलिसीवर 'डिडक्टिबल' म्हणून रक्कम लिहिलेली असते. आमची तीन लाख होती. एकाच वेळचं बिल तीन लाखांच्या पुढे गेलं, तरच टॉप-अप वरची रक्कम देतं. आईची दोन्ही बिलं तीन लाखांच्या आतली. त्यामुळे हाती काहीच नाही.

सुपर टॉप-अप मात्र पॉलिसीच्या त्या वर्षातल्या बिलांची बेरीज धरतं. अडीच आणि दोन, साडेचार लाख. त्यातून तीन वजा. उरलेले दीड लाख त्याने दिले असते. म्हातारपणी माणूस एकदाच मोठा आजारी पडून मोकळा होत नाही, वर्षात दोन-तीनदा दवाखाना होतो. म्हणून साठीच्या पुढच्या माणसासाठी मी साधं टॉप-अप कुणालाही घेऊ देणार नाही. नावात एका शब्दाचा फरक आहे, तो शब्द कागदावर शोधा.

[दृश्य : आई खिडकीशी, वॉकर शेजारी.]

नूतनीकरणाच्या वेळी सुपर टॉप-अप शोधायला निघालो. एका कंपनीने सरळ नकार दिला. दुसरीने घेतलं, पण हप्ता वाढवून. ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी नाही, ही जुनी आडकाठी १ एप्रिल २०२४ पासून गेली आहे. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळही, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो, चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीनवर आला. तरी आजार झाल्यावर दार ठोठावलं की ते अर्धंच उघडतं. आईची शुगर आम्ही अर्जात स्पष्ट लिहिली. लपवलेली शुगर क्लेमच्या वेळी हमखास बाहेर येते.

हप्त्याबाबत दोन गोष्टी बऱ्या झाल्या आहेत. २०२५ च्या जानेवारीत विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला.

[दृश्य : मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर आईचा चेहरा.]

आई सत्तरीच्या पुढची, म्हणून सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढलं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाखांचे उपचार, पण नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. खासगी विमा असला तरी चालतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल, तर ती किंवा हे कार्ड, यातलं एक निवडावं लागतं. आईच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशिनवर उमटेनात. शेवटी चेहरा दाखवून काम झालं. हे कार्ड योजनेतल्या रुग्णालयातच चालतं. तुमच्या जवळचं कोणतं, ते आजच बघून ठेवा, अँब्युलन्समध्ये बसल्यावर नव्हे.

[दृश्य : पॉलिसीच्या पानावर बोट सरकतं.]

एक ओळ आम्ही कधीच वाचली नव्हती. खोलीभाडं रोज विमा रकमेच्या एक टक्का. म्हणजे तीन हजार. कुणी सहा हजारांची खोली घेतली, तर फक्त भाड्याचे तीन हजार कापून भागत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, हेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे होतात. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेली प्लेट-स्क्रू एवढं यातून सुटतं. आईला तेव्हा दोघींची खोली मिळाली, म्हणून आम्ही वाचलो.

[दृश्य : पुन्हा टेबल. डबा.]

हे सगळं वाचून दाखवलं, तेव्हा आईने बॉलपेन मागितला. तारखेच्या खाली तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'खोली : ३००० च्या आत.' मग रबरबँड लावला आणि डबा कपाटात न ठेवता फ्रिजवर ठेवला, सगळ्यांच्या हाताला येईल असा.